कडूबाईचा वाटा

"मास्तर, तितंच थांबा. उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका."

कडूबाई हे इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं, भुई ओली असेल. रोज तसंच व्हायचं. उजाडताच ती यायची, शाळेची खोली झाडायची, शेणानं सारवायची, आणि मी आलो की मला दारातच अडवायची. ओल्या सारवणावर पाय उमटलेले तिला खपत नसत. पण त्या दिवशी भुई कोरडी होती. शेणाची पाटी दारात तशीच भरलेली, खराटा आडवा पडलेला, आणि ही बाई भिंतीला पाठ लावून उकिडवी बसलेली.  कामाच्या वेळी कडूबाईला नुसतं बसलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं आधी रस्त्याकडं पाहिलं. कुणी नाही अशी खात्री करून घेतली.

"उंदीर पडलाय," ती म्हणाली.

मी उचललेला पाय मागं घेतला. तुम्हाला हे ऐकून हसू येईल. हल्ली उंदीर मेला तर लोक शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावतात आणि हात धुऊन जेवायला बसतात. आमच्या वेळी, निजामाच्या राज्यात, थंडीच्या दिवसांत हे दोन शब्द कानावर पडले की अख्खं गाव भांडीकुंडी, लेकरंबाळं, म्हातारेकोतारे घेऊन रानात निघायचं. आधी उंदीर पडायचे, मग माणसं. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, ताप चढायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस जायचा. त्या आजाराचं नावही कोणी मोठ्यानं घेत नसे. 'गाठीचं' म्हणायचे, तेही इकडंतिकडं बघून.

मांजरानं मारला असेल, असं मी म्हणून पाहिलं. कडूबाईनं मान हलवली. मांजरानं मारला असता तर रक्त दिसलं असतं, आणि तिनं तर तो मरताना डोळ्यांनी पाहिला होता. शेजारच्या धान्याच्या कोठाराकडच्या भिंतीतून तो बाहेर आला, माणसाला न बुजता खोलीच्या मधोमध आला, झिंगल्यासारख्या दोन गिरक्या घेतल्या आणि पाय ताणून पडला. मी दारातूनच वाकून पाहिलं. होता. पहिलीची लेकरं जिथं बसायची तिथंच होता.

"आजच पडायचा होता का हा," मी म्हणालो. मला सगळ्यात आधी हेच सुचलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी मोहतमीम साहेब येणार होते. मोहतमीम म्हणजे तालीमात खात्याचा शाळा तपासणारा अधिकारी. आमची बोरखडी वालूरपासून दोन कोसांवर, साठ-सत्तर घरांचं गाव. गावात शाळा नव्हती. सरकारकडं तीन वर्षं अर्ज चालले होते. परवानगीशिवाय शाळा चालवणं हा त्या राज्यात गुन्हा होता, आणि आमची शाळा गेलं वर्षभर तशीच, देवाच्या भरवशावर चालली होती. साहेबांनी येऊन खोली पाहिली, चाळीस लेकरं मोजली आणि कागदावर सही केली की शाळा सरकारी होणार होती. नाही केली तर कुलूप.

ती खोली गावानं स्वतः बांधली होती. गावात निम्मी घरं लिंगायतांची. ती माणसं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यामुळं सोमवारी हात रिकामे. व्यंकटराव पाटलांनी ते हेरलं आणि सोमवारची खोली असा बेत काढला. बाकीची घरंही त्यात आली. चन्नबसप्पा वाण्यानं आपल्या धान्याच्या कोठाराला लागून जागा दिली, म्हणजे एक भिंत वाचली. पाटलांनी सागाची तुळई दिली. कुणी दगड आणले, कुणी छपराच्या लाकडी कड्या, कुणी पत्रे. एकानं तर आपल्या गोठ्याचं दार काढून दिलं आणि गोठ्याला बाभळीच्या काट्या लावल्या. ज्यानं त्यानं आपला वाटा द्यायचा, असं देवळात बसून ठरलं होतं. कडूबाईकडं द्यायला काय होतं? नवरा नाही, पोटी होती ती लेक बाळंतपणात गेलेली, मागं राहिली आठ वर्षांची नात मनकर्णा. ती उठून म्हणाली, भुई माझ्याकडं लागली. मुरूम टाकून चोपणं, लिंपणं, रोज झाडणं-सारवणं, शाळा असेतोवर. पाटील तेव्हा हसले होते. पण वर्षभरात आपला वाटा एक दिवसही न चुकवलेली तीच एक निघाली.

आता माझं सांगतो. मी दिनकरराव मास्तर, जातीचा भित्रा. पालमकडच्या एका गावात आधी असाच बिनपरवान्याचा वर्ग चालवत होतो. एके दिवशी पोलीस अमीन, म्हणजे तिकडचा फौजदार, आला, लेकरांना हाकललं, आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून माझ्याकडून लिहून घेतलं. त्या दिवसापासून खाकी कपडा दिसला की मी वाट बदलायचो. बायको आणि दोन मुलं पोखर्णीला सासऱ्यांच्या घरी पडून होती. सासरे काही बोलत नसत, पण ताट वाढताना बायकोची मान खाली असायची. या एका सहीवर माझा संसार उभा राहणार होता. उंदराचं नाव निघालं असतं तर साहेबांची बैलांची दमणी वेशीतूनच परत फिरली असती.

म्हणून मी कडूबाईला म्हणालो, हा उंदीर जाळून टाका. कोणाला बोलू नका. साहेब दुपारपर्यंत जातील. ते गेले की मी स्वतः पाटलांना सांगतो आणि संध्याकाळच्या आत गाव बाहेर काढू. अर्ध्या दिवसानं काय होतंय?

"आन लेकरं?" ती म्हणाली. "ती ह्याच भुईवर बसनार न्हवं?"

मी म्हणालो, घटका दोन घटका.

 मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. गावात सगळ्यांना ती ठाऊक होती. मी बाहेरचा, मला नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी असंच गाठीचं आलं होतं. गाव उठून ओढ्याकाठी खोपटं करून राहिलं. तिथं एक सरकारी माणूस आला आणि लिंबाच्या झाडाला कागद ठोकून गेला. कागद मराठीत होता. पण गावात वाचणारा एकही माणूस नव्हता. पटवारी येईल, वाचून दाखवील, म्हणून लोक थांबले. तो चौथ्या दिवशी आला. ओढ्यापलीकडच्या वस्तीत गाठी निघाल्यात, आजच्या आज आणखी लांब जा, असं त्यात लिहिलं होतं. त्या चार दिवसांत कडूबाईचा नवरा गेला आणि दोन पोरं गेली. पोटात होती तेवढी एक लेक वाचली.

"माझ्या मनकर्णाला वाचता यावं म्हनून मी हितं शेन काढायले, मास्तर," ती म्हणाली. "ती मराया न्हाई."

 मी हात जोडले. खरंच जोडले, एका शेणानं माखलेल्या म्हातारीपुढं. म्हणालो, माझ्या लेकरांकडं बघा. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण त्या वेळी मला फक्त दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येत होता. अजून ती निघालीही नसेल.

ती उठली. फावड्यावर उंदीर उचलला, मागं नेला, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या रचल्या, दिव्यातलं घासलेट ओतलं आणि जाळला. मी आडोशाला उभा राहून कोणी येत नाही ना ते बघत होतो. राख तिनं खड्ड्यात ढकलली. मला वाटलं, सुटलो.

मी घरी जाऊन धुतलेला सदरा आणि टोपी घालून परत आलो, तर बाईनं सगळी खोली शेणकाल्यानं भरून टाकलेली. सारवण नव्हतंच ते, नुसता चिखल होता. तीन पाट्या शेण, वर दोन घागरी पाणी, घोटाघोटापर्यंत पाय रुतावा असं. दुपारपर्यंत वाळायचं नाव नाही. ती माझ्याकडं न बघता हात धूत होती. माझी खरं सांगायची हिंमत नव्हती आणि तिला माझा संसार मोडायचा नव्हता, म्हणून तिनं ही मधली वाट काढली होती. लेकरं आत बसणारच नाहीत.

दिवस वर आला तशी लेकरं येऊ लागली. धुतलेले सदरे, तेल लावून चापलेले केस. आज साहेब येणार म्हणून आयांनी कुणाच्या डोळ्यांत काजळ घातलेलं, कुणाच्या कपाळाला भस्माची बोटं. मी त्यांना अंगणात उन्हात बसवलं. पाटील आले, आत डोकावले, आणि त्यांनी कडूबाईला जे फैलावर घेतलं ते सगळं काही लिहिण्यासारखं नाही. आजच्या दिवशी अक्कल कुठं शेण खायला गेली होती, तीन वर्षं गावानं घाम गाळला तो ह्यासाठी का, असं बरंच. सगळं गाव ऐकत होतं.

"लय पातळ झालं, पाटील," ती म्हणाली. "म्हातारी झाले आता. अंदाज चुकला."

मी टोपी सारखी करत तिथंच उभा होतो.

मोहतमीम साहेब दहाच्या सुमाराला आले. शेरवानी, लाल टोपी, हातात छत्री, सर्दी झालेली. माणूस सज्जन होता हे मला मुद्दाम सांगायला हवं. सज्जन नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. त्यांनी लेकरांना उन्हात बघितलं तरी कपाळाला आठी घातली नाही. खुर्ची अंगणातच मागवली, मोजणी केली, बेचाळीस भरली. पाढे विचारले. मग पुस्तक उघडून म्हणाले, एखादी मुलगी असेल तर तिला वाचू द्या. शाळेत तीन मुली होत्या, त्यातली मनकर्णा उठली. तिनं अख्खा धडा न अडखळता वाचला. साहेब हसले, खिशातून पेन्सिल काढून तिला दिली. दाराशी बसलेल्या कडूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता सही. त्यांनी कागद मांडीवर घेतलाही होता.

मग त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "मास्टरसाब, अब कमरा दिखाव. चालीस बच्चे अंदर बैठते या नहीं, वो देखके लिखना पडता. कायदा है."

भुई ओली आहे, असं मी कसंबसं म्हणालो. साहेब म्हणाले, त्यात काय, काहीतरी अंथरा. पाटील तेवढ्यासाठीच टपून होते. त्यांनी चन्नबसप्पाला हाक मारली, आणि चन्नबसप्पा लगबगीनं आपल्या कोठारातून ज्वारीची रिकामी पोती घेऊन आला. वीस-पंचवीस पोती. त्याच कोठारातली, ज्याच्या भिंतीतून तो उंदीर आला होता. त्यानं ती दारातून भराभर चिखलावर पसरली. धूळ उडाली.   मी मनात म्हणत होतो, घटकाभरच, देवा, घटकाभरच.

साहेबांनी दारात बूट काढले. "ताजा लीपा है, बूट लेके कैसे जाना," असं म्हणाले. त्यांचे पांढरे, मऊ पाय मला अजून दिसतात. त्यांच्या मागं लेकरांची रांग लागली, सगळी अनवाणी, आणि साहेबांनी कौतुकानं मनकर्णाला सगळ्यांत पुढं घेतलं.

कडूबाई उठली आणि दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली.

"सायेब, आत जाऊ नका," ती म्हणाली. "सकाळी हितं उंदीर पडलाय. मी पाह्यला."

 साहेब एक पाऊल मागं सरले. पाटील पुढं आले, म्हणाले, बाई वेडी आहे, सकाळपासून हिचं डोकं फिरलंय, ह्या चिखलावरूनच बघा. उंदीर कुठाय तो दाखव म्हणाले. जाळला, ती म्हणाली. जाळला म्हटल्यावर गावाला हायसं वाटलं. दाखवायला काहीच नाही, म्हणजे खोटं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. शांतपणे विचारलं, "मास्टरसाब, आपने देखा?"

हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. पाहिला होता, मग लेकरं आत कशी पाठवत होतात? मला तो प्रश्न आधीच ऐकू आला. मी कडूबाईकडं पाहिलं नाही, साहेबांच्या अनवाणी पायांकडं पाहिलं आणि म्हणालो, "जी नहीं."

"त्येंनी न्हाई पाह्यला," कडूबाई लगेच म्हणाली. "ते मागून आले. मी एकलीच व्हते."

आपण खोटं बोलावं आणि ते दुसऱ्यानं आपल्यासाठी निस्तरावं, ही लाज कशी असते ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

साहेबांनी बूट घातले. ते रागावले नाहीत. म्हणाले, ही बाई खरं बोलते का खोटं, ते मला ठरवता येत नाही. पण कानावर आलं ते मला सेलूला वरच्या कचेरीत कळवावं लागेल. सही न करता त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि दमणी गेली. दुसऱ्या दिवशी हुकूम आला. गाव खाली करा.

अडीच महिने आम्ही रानात काढले. ते दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही, एवढंच सांगतो. रोज सकाळी सगळ्या खोपट्यांत आया लेकरांच्या काखा चाचपायच्या. तोंडानं काही नाही. नुसता हात आत घालायचा, दाबायचं, आणि सुस्कारा सोडायचा. मीही रोज उठल्याबरोबर स्वतःची काख आणि जांघ चाचपायचो. एकदा काखेत खडा लागला. तो केसतुडाचा फोड होता हे कळेपर्यंत मी बायकामुलांचा मनानं निरोप घेऊन टाकला होता. कुणाला साधा ताप आला तरी शेजारची खोपटी लांब सरकायची. कडूबाईचं खोपटं तर पहिल्यापासूनच सगळ्यांनी लांब टाकलं होतं.

कुणीही मेलं नाही. आसपासच्या गावांतही काही झालं नाही. होळीला आम्ही परत आलो. कोठारात उंदीर मरून वाळलेले सापडले, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. गाव ओस, कोठार रिकामं, दाण्याविना उंदीर मरणारच, म्हणाले. कुणी दगावलं असतं तर कडूबाई गावाची देवी झाली असती. सगळे जगले, म्हणून ती खोटी ठरली.

तो उंदीर गाठीचाच होता की नव्हता, ते मला आजही माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं. आम्हा दोघांना भीती मात्र सारखीच वाटली होती.

त्या वर्षी आमच्या भागात एकच नवी शाळा मंजूर व्हायची होती. बोरखडी ओस असल्यामुळं ती दीड कोसावरच्या हिंगणखेडला गेली. आणि मोहतमीम साहेबांनी, लेकरं चांगली तयार केली होती म्हणून, तिथं माझी नेमणूक केली. हुकूम हातात पडला तेव्हा मी आधी बायकोला पत्र लिहिलं. नंतर बसून रडलो.

शाळा गेली म्हटल्यावर बोरखडीनं खोली मोडायला काढली. सोमवारच होता. ज्यानं त्यानं आपला वाटा परत न्यायचा. पाटलांनी तुळई उतरवून घेतली, पत्रेवाल्यानं पत्रे नेले, गोठ्याचं दार डोक्यावर चढून गोठ्याला गेलं.  चन्नबसप्पाला न्यायचं काही नव्हतं, जागा त्याचीच होती. तो फक्त मला हळूच म्हणाला, "पडला असंल बी उंदीर, मास्तर. पन त्याच दिशी सांगायचं व्हतं का?" मी मान डोलावली. माझा वाटा म्हणजे फळा. तो मी काखेत मारला होता.

कडूबाई बाजूला मनकर्णाचा हात धरून उभी होती. पाटलांचं लक्ष गेलं. म्हणाले, "कडू, तुझा वाटा ऱ्हायला की. घेऊन जा उचलून."

बरेच जण हसले. फळा काखेत धरून उभा असलेला मी हसलो नाही, पण कुणाला थांबवलंही नाही. कडूबाईनं त्या उघड्या पडलेल्या भुईकडं एकदा पाहिलं, पदर सावरला आणि नातीला घेऊन घराकडं गेली.

जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. मनाशी पक्कं केलं होतं की आज पाटलांसमोर सगळं सांगायचं. तिला तसं बोललो. ती चुलीशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"आता सांगून काय करताव, मास्तर," ती म्हणाली. "मला काय, दोन वर्सं बोलतील, मंग थकतील. पन तुमी लेकरं आत पाठवायलाव व्हताव म्हनल्यावर सरकार तुमाला ठिवील व्हय? तुमी गेलाव तर माझ्या पोरीला कोन शिकवंल? हिंगनखेड काय लांब न्हाई. मी आनीन तिला."

मी म्हणालो, लोक तुम्हाला खोटी म्हणतात ते मला सोसत नाही.

तेव्हा तिनं प्रथमच माझ्याकडं नीट पाहिलं. "सोसा," ती म्हणाली, आणि भाकर उलटली.

मी सोसलं. सोसणं मला जमतं. बोलणं जमत नाही.

हिंगणखेडची शाळा पक्क्या भिंतींची होती. पहिल्याच दिवशी, लेकरं दारात जमली असताना, कडूबाई आली. दीड कोस चालून, घामानं निथळत, मनकर्णाला घेऊन. पोरीला तिनं बाहेर उभं केलं आणि मला काही न विचारता एकटी आत गेली. चारही कोपऱ्यांत वाकून पाहिलं. फळ्याच्या मागं पाहिलं. भिंतीवरून खालपासून हात फिरवला, बीळ आहे का ते बघायला. मग बाहेर आली आणि पोरीला आत सोडलं.

दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. चार वर्षं मनकर्णा शिकली, चार वर्षं हे चाललं. ती आत असेपर्यंत मी सगळी लेकरं बाहेर रांगेत थांबवायचो. थंडीच्या दिवसांत लेकरं कुडकुडायची, तरी थांबवायचो. ही म्हातारी कोण, आत काय बघते, असं नव्या गावातले लोक विचारायचे.

"आमच्या जुन्या गावची बाई आहे," मी सांगायचो. "झाडून जाते."

तिला ते ऐकू जायचं. ती मान वळवायची नाही. पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकलायची आणि बोरखडीच्या वाटेला लागायची. ती वळणाआड झाली की मी आत जाऊन हजेरी घ्यायचो.